विश्लेषण : तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात का? ‘सेट-ऑफ’ म्हणजे नेमके काय?

‘आरोपीने आजवर भोगलेली कैद हीच त्याची शिक्षा समजण्यात यावी,’ असे वाक्य अनेक निकालपत्रांच्या शेवटी असते. दोषी ठरलेला माणूस त्याच दिवशी घरी जातो आणि ‘गुन्हा सिद्ध झाला, मग शिक्षा कुठे गेली?’ असा प्रश्न बाहेर विचारला जातो. शिक्षा कुठेही गेलेली नसते, ती आधीच भोगून झालेली असते. निकालापूर्वी तुरुंगात काढलेल्या दिवसांचा हा हिशेब कायद्यात ‘सेट-ऑफ’ म्हणजे वजावट या नावाने ओळखला जातो. तो कसा मांडला जातो, त्यात कोणते दिवस धरतात, कोणते धरत नाहीत आणि निर्दोष सुटलेल्याच्या दिवसांचे काय होते, याचा हा आढावा.

‘भोगलेला कालावधी’ म्हणजे काय?

तुरुंगात ढोबळमानाने दोन प्रकारचे बंदी असतात. गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा भोगणारे ते शिक्षाबंदी किंवा पक्के कैदी. खटला सुरू असलेले किंवा सुरू होण्याची वाट पाहणारे ते न्यायबंदी, म्हणजेच कच्चे कैदी. कच्चा कैदी कायद्याच्या नजरेत निर्दोष असतो, पण भिंती, कुलपे आणि गर्दी दोघांनाही सारखीच. त्यामुळे अटकेपासून निकालापर्यंत जितके दिवस आरोपी कोठडीत होता, तितके दिवस अंतिम शिक्षेतून कमी केले जातात. वकिलांच्या बोलण्यात याला ‘अंडरगॉन पीरियड’ म्हणतात, तर ते दिवस कमी करण्याच्या क्रियेला ‘सेट-ऑफ’.

ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४२८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४६८ मध्ये आहे. ब्रिटिशकाळातील १८९८ च्या संहितेत ती नव्हती. खटला रखडल्याने माणूस दोन वर्षे आत राहिला आणि नंतर त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, तर एकूण चार वर्षे तुरुंगात जाण्याची शक्यता होती. नवी संहिता तयार होत असताना संसदेच्या संयुक्त समितीने या स्थितीबद्दल तीव्र खंत व्यक्त केली आणि वजावटीची तरतूद आली.

हिशेब कसा होतो?

महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असलेले उदाहरण अभिनेता संजय दत्त याचे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट मालिकेशी संबंधित खटल्यात शस्त्र कायद्याखाली त्याला विशेष न्यायालयाने २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती पाच वर्षांवर आणली. पाच वर्षे म्हणजे ६० महिने. त्यापैकी सुमारे १८ महिने त्याने आधीच तुरुंगात काढले होते. उरले ४२. ते भोगण्यासाठी मे २०१३ मध्ये तो शरण आला आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी येरवड्यातून बाहेर पडला.

मे २०१३ पासून ४२ महिने मोजले तर नोव्हेंबर २०१६ येतो. मग सुटका आठ महिने आधी कशी? इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. १८ महिन्यांची वजावट हा त्याचा कायदेशीर हक्क होता, त्यासाठी कोणाची मेहरबानी लागत नाही. शेवटचे आठ महिने कमी झाले ते ‘माफी’मुळे. चांगले वर्तन आणि तुरुंगातील काम यासाठी कारागृह नियमांनुसार शिक्षेत जी सूट मिळते ती माफी. वजावटीत आधी भोगलेले दिवस मोजले जातात, माफीत न भोगलेले दिवस सोडून दिले जातात. या लवकर सुटकेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, ते २०१८ मध्ये फेटाळले गेले.

कोणते दिवस धरतात, कोणते नाही?

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी या दोन्हींतील दिवस धरले जातात. तपास, चौकशी किंवा खटला यापैकी कोणत्याही टप्प्यावरची कोठडी चालते. अट एकच, ती कोठडी ‘त्याच प्रकरणातली’ असली पाहिजे.

पुढील दिवस मात्र या हिशेबात येत नाहीत.

जामिनावर बाहेर असलेला काळ : खटला दहा वर्षे चालला आणि त्यातले नऊ वर्षे आरोपी जामिनावर असेल, तर वजावट एका वर्षाचीच.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धता : एखाद्याला गुन्हा करण्यापासून रोखण्यासाठी स्थानबद्ध केले असेल, तर ती कोठडी कोणत्याही खटल्यातली नसते. त्यामुळे ती शिक्षेतून वजा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले.

दंड न भरल्याबद्दलची कैद : ‘दंड न भरल्यास आणखी तीन महिने’ अशी शिक्षा असते. त्या तीन महिन्यांतून आधीचे दिवस वजा होत नाहीत, हे कलमातच लिहिले आहे. याचा फटका गरिबाला बसतो. पैसे असलेला दंड भरून जातो आणि नसलेला वजावटीशिवाय पूर्ण मुदत भोगतो.

एकाच वेळी दोन खटले असतील तर?

गणित इथे अवघड होते. समजा, एकच माणूस दोन प्रकरणांत एकाच वेळी कोठडीत आहे आणि दोन्हींत दोषी ठरतो. तुरुंगातला एक दिवस एकाच प्रकरणात मोजायचा की दोन्हींत? ‘त्याच प्रकरणातली’ या शब्दांमुळे यावर न्यायालयांत मतभेद होते. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकार विरुद्ध नजाकत अली मुबारक अली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आरोपीच्या बाजूने निकाल दिला. आरोपी दोन्ही प्रकरणांत खरोखरच कोठडीत असेल, तर तो काळ दोन्ही शिक्षांतून वजा होईल, असे न्यायालयाने म्हटले.

यातही एक खाचखळगा आहे. अनेकदा माणूस आधीच आत असतो आणि दुसऱ्या गुन्ह्यात पोलिसांनी त्याचा ताबा घेतलेला नसतो. कागदोपत्री अटक नाही, म्हणून त्या प्रकरणातली कोठडीही नाही. ताबा सहा महिने उशिरा घेतला, तर दुसऱ्या प्रकरणातले ते सहा महिने वजावटीतून गेले. वकील जागरूक असेल तर तो हे आधीच मांडतो. वकीलच नसेल तर आरोपीला हे निकालानंतर कळते.

जन्मठेपेत वजावट मिळते का?

‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षे’ हा आपल्याकडचा सर्वांत टिकाऊ गैरसमज. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितले आहे. मग ज्या शिक्षेला शेवटची तारीखच नाही, तिच्यातून दिवस कसे वजा करायचे? याच युक्तिवादावर १९८२ मध्ये जन्मठेपेच्या कैद्यांना वजावट नाकारली गेली होती. १९८५ मध्ये भगीरथ विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बदलला आणि जन्मठेपेलाही वजावट लागू केली.

याचा प्रत्यक्ष उपयोग मुदतपूर्व सुटकेच्या वेळी होतो. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला सरकार १४ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सोडू शकत नाही. १४ हा सुटकेचा आकडा नाही, सुटकेचा विचार सुरू होण्याचा आहे. हे १४ कधीपासून मोजायचे, निकालापासून की अटकेपासून? कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस या १४ वर्षांत धरायचे, असे २००५ च्या दुरुस्तीने कलमातच लिहिले. चार वर्षे खटला चालला आणि आरोपी सलग आत होता, तर निकालानंतर दहाव्या वर्षी त्याचा अर्ज विचारात घेता येतो.

फर्लो आणि पॅरोलवर असलेले दिवस?

महाराष्ट्रातील नियमांनुसार दोन्हींत फरक आहे. फर्लो म्हणजे दीर्घ शिक्षा भोगणाऱ्याला ठरावीक काळाने मिळणारी रजा. ती शिक्षेचाच भाग मानली जाते. पॅरोल म्हणजे आजारपण, मृत्यू, लग्न अशा निकडीच्या कारणासाठीची रजा. ती शिक्षेत मोजली जात नाही, तितके दिवस पुढे भरून द्यावे लागतात. गोव्यातील जन्मठेपेच्या कैद्यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेच तत्त्व मुदतपूर्व सुटकेला लावले. १४ वर्षांची प्रत्यक्ष कैद मोजताना पॅरोलचा काळ वगळावा, असा तो निकाल होता. पॅरोलचा काळही धरला, तर वजनदार कैदी वारंवार पॅरोल मिळवून बाहेरच शिक्षा पूर्ण करतील, ही त्यामागची चिंता.

‘भोगली तेवढीच शिक्षा’ केव्हा दिली जाते?

गुन्हा किरकोळ असेल, घटना जुनी असेल, आरोपीचे वय झाले असेल किंवा त्याने आधीच बराच काळ आत काढला असेल, तर न्यायालय भोगलेल्या कालावधीइतकीच शिक्षा ठरवते. अपील वीस-पंचवीस वर्षे रखडलेले असेल तर उच्च न्यायालये हा मार्ग अनेकदा घेतात. मात्र कायद्याने किमान शिक्षा ठरवली असेल, तर त्याखाली जाता येत नाही. सात वर्षे किमान शिक्षा असेल आणि आरोपीने पाच भोगली असतील, तर उरलेली दोन भोगावीच लागतात.

या सवलतीची एक काळी बाजू आहे. समजा, चोरीच्या आरोपात एक गरीब माणूस अकरा महिने आत आहे. जामीन मंजूर झाला आहे, पण हमीदार मिळत नाही. खटल्याची तारीख पुढे पुढे जाते. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. गुन्हा कबूल केला तर बहुधा भोगलेली कैद हीच शिक्षा धरली जाईल आणि तो लगेच घरी जाईल. निर्दोष असल्याचे सांगत राहिला तर खटला संपेपर्यंत आत राहील. म्हणजे दोषी होणे हाच सुटकेचा जवळचा मार्ग ठरतो. त्याच्या नावावर मात्र गुन्हा कायमचा लागतो आणि पुढच्या वेळी पोलिसांच्या यादीत तो ‘सराईत’ असतो.

निकालाआधीच शिक्षा पूर्ण झाली तर?

१९७९ मधील हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील असे कच्चे कैदी समोर आले, ज्यांनी त्यांच्यावरील आरोपाच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ आत काढला होता. जलद खटला हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने तेव्हा सांगितले. त्याला कायद्याचे रूप यायला आणखी पाव शतक लागले. २००५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४३६-अ नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाचा मार्ग खुला झाला. नव्या संहितेच्या कलम ४७९ मध्ये, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीसाठी ही मर्यादा एक तृतीयांश करण्यात आली. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या चोरीच्या गुन्ह्यात असा आरोपी एका वर्षानंतर सुटकेस पात्र होतो. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकण्यात आली आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ जुलैपूर्वीच्या प्रकरणांतील कच्च्या कैद्यांनाही हा लाभ देण्याचे निर्देश दिले.

मर्यादाही आहेत. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे कलम लागू नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणे प्रलंबित असतील तरीही ते लागू होत नाही. पोलीस एकाच घटनेत अनेक कलमे लावतात, त्यामुळे या दुसऱ्या अपवादाचा अर्थ किती ताणायचा, हा वादाचा मुद्दा आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यापैकी ४ लाख ३४ हजार ३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. दर चार बंद्यांमागे तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. ११ हजारांहून अधिक कच्चे कैदी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आत होते. यातले जे पुढे दोषी ठरतील त्यांच्या दिवसांचा हिशेब कलम ४६८ मध्ये होईल. जे दोषी ठरणार नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतो.

निर्दोष सुटलेल्याचे दिवस कुठे जातात?

कायद्याच्या भाषेत, कुठेच नाही. वजा करायला शिक्षाच नसते. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले आणि एकाची निर्दोष मुक्तता केली. त्या एकाने तोवर नऊ वर्षे तुरुंगात काढली होती. उर्वरित १२ जणांनाही मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले, त्यातील एकाचा २०२१ मध्येच कैदेत मृत्यू झाला होता. राज्य सरकारने अपील केल्यावर, हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला स्पष्ट केले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. स्फोटांत आप्त गमावलेल्या कुटुंबांना न्याय मिळाला नाही, हेही या हिशेबातले दुसरे टोक आहे. चुकीचा माणूस आत असतो तितका काळ खरा गुन्हेगार बाहेर असतो.

भरपाईसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. घटनात्मक न्यायालयांचे दार ठोठवावे लागते आणि तिथे काय मिळेल याचे ठरलेले प्रमाण नाही. बिहारमधील रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरले, पण सुटले १९८२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्यांना ३० हजार रुपये देण्याचा आदेश दिला, आधी दिलेले पाच हजार वेगळे. एकूण रकमेला दिवसांनी भागले तर दिवसाला सात रुपयेही होत नाहीत. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये खोट्या हेरगिरी प्रकरणात सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. त्यांना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये दिले. ती रक्कम केवळ तुरुंगवासाची नव्हे, छळ आणि बदनामीचीही होती, म्हणून दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. पण मोजण्याची पट्टीच नाही, हे यातून दिसते. अक्षरधाम हल्ला प्रकरणात २०१४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांची भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नाकारली, त्यातून चुकीचा पायंडा पडेल या कारणाने.

अन्य देशांत काय होते?

कॅनडात निकालापूर्वीच्या कोठडीतील एका दिवसाबद्दल न्यायालय दीड दिवसापर्यंत वजावट देऊ शकते. कच्च्या कैद्यांना तुरुंगातील सुधारणा कार्यक्रम आणि शिक्षेतील सूट मिळत नाही, म्हणून त्यांचा दिवस अधिक जड धरला जातो. जर्मनीत विनाकारण भोगलेल्या कैदेसाठी दिवसाला ७५ युरो भरपाई कायद्यातच ठरलेली आहे, आर्थिक नुकसानीची भरपाई त्याव्यतिरिक्त. रक्कम पुरेशी आहे का यावर तिथेही वाद आहे, पण ती मागण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागत नाही.

आपल्याकडे पुढे काय?

केंद्रीय विधि आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांचे बळी ठरलेल्यांसाठी भरपाईचा कायदा करण्याची आणि असे दावे चालवण्यासाठी विशेष न्यायालये नेमण्याची शिफारस केली. २०२३ मध्ये तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, तेव्हा या शिफारशीला जागा मिळाली नाही. वजावटीचे कलम मात्र क्रमांक बदलून जवळपास जसेच्या तसे आले.

निकालापूर्वीचा तुरुंगवास हीसुद्धा एक प्रकारची शिक्षाच आहे, हे तत्त्व कायद्याने १९७३ मध्येच मान्य केले. ते तत्त्व फक्त दोषी ठरणाऱ्याला लागू होते. चोरी सिद्ध झालेल्या माणसाचे अकरा महिने निकालपत्रात नोंदवले जातात, सिद्ध न झालेल्याचे अकरा महिने कोणत्याही कागदावर जमेस धरले जात नाहीत. खटले वेळेत संपले तर हा प्रश्न आपोआप लहान होईल. ते संपत नाहीत तोवर जामीन, कलम ४७९ ची काटेकोर अंमलबजावणी आणि भरपाईचा कायदा हे तीनच मार्ग उरतात. त्यातील पहिले दोन कागदावर आहेत, तिसरा अजून अहवालातच आहे.